कितव्या वर्षापासून? – आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई


आपल्या खात्याचा एक कागद समोर ठेवून हे पत्र लिहिते आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसासाठी आशाताई घरोघरी जाऊन जो भरतात, तो सीबॅक फॉर्म. त्यात तंबाखूचा प्रश्न आहे आणि त्याला तीन उत्तरं आहेत: कधीच नाही, पूर्वी किंवा अधूनमधून, रोज. कागदाच्या पुढच्या भागात साठीच्या वरच्यांसाठी थोडे वेगळे प्रश्न येतात. जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतं का, हा त्यांतलाच एक. म्हणजे व्यसन आणि विसर या दोन्ही गोष्टी आपण एकाच बैठकीत, एकाच माणसाला विचारतो. तंबाखू कितव्या वर्षी लागली हे मात्र विचारत नाही. त्यासाठी रकानाच नाही. तो असावा, ही माझी पहिली आणि साधी मागणी आहे. या एका रकान्यामागे पुष्कळ काही आहे, म्हणून पत्र लांबणार आहे.

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या आरोग्य शिबिरांत नोंदणीच्या टेबलावर बसते. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर गालात पुडी दाबून बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याच आज्या-आजोबांना आता शिबिरात रांगेत बसलेलं पाहते.

एका शिबिरात डोंगरावरच्या वाडीतून आलेल्या एक आजी होत्या. स्मरणशक्तीच्या तपासणीत डॉक्टर तीन शब्द सांगतात, मधे दुसरं काही विचारतात आणि पाचेक मिनिटांनी ते शब्द परत सांगायला लावतात. आजींना आंबा आठवला. खुर्ची आणि नाणं काही केल्या आठवेना. कागद भरताना मी विचारलं, “मिश्री लावता का?” त्यांनी हिरड्या दाखवल्या; दातांच्या मुळाशी काळी रेघ होती. “केव्हापासून?” “पदर आला तेव्हापासून. दाढ दुखत हुती, आईनंच बोटावर दिली.” “शाळा?” “चौथी. मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी ऱ्हायले.” यातलं ‘मिश्री: होय’ एवढंच कागदात मावलं. बाकीचं मी समासात बारीक अक्षरात लिहिलं. संगणकावर नोंद चढवताना समासातलं कोणी चढवत नाही.

मंत्रिमहोदय, या आजींच्या उत्तरात सगळा गुंता आहे. तेरा-चौदा वर्षांच्या वयात त्यांच्या मेंदूला रोज निकोटिन मिळू लागलं. शाळा त्याआधीच सुटली होती. घरात खाणारी तोंडं जास्त, आणि मुलीच्या ताटात उरेल ते. आज सत्तरीत त्यांना तीनपैकी एकच शब्द आठवतो, तर त्याचा दोष कशाला द्यायचा? मिश्रीला, सुटलेल्या शाळेला, उपासमारीला, की पुढच्या पन्नास वर्षांतल्या रक्तदाबाला? ‘लॅन्सेट’च्या आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. त्यांत लहानपणी शिक्षण कमी मिळणं आहे, धूम्रपान आहे, अतिमद्यपान आहे. ही सगळी हाताळली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा हिशेब आहे. आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या आयुष्यात शाळा सुटणं आणि तंबाखू ही दोन्ही कारणं लहान वयातच शिरली. ती वेगळी करायची तर निदान प्रत्येक कारण कितव्या वर्षी शिरलं, ते लिहून घ्यायला हवं.

किशोरवयातलं व्यसन आणि म्हातारपणची बुद्धी यांचा संबंध जगात कसा शोधला गेला, हे थोडं विस्तारानं सांगते, कारण आपण काय करायला हवं ते त्यातूनच कळतं.

स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी, १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या शाळकरी मुलांची एकाच दिवशी बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. मुलं होती सुमारे ८७ हजार. १९४७ साली, १९३६ मध्ये जन्मलेल्या ७० हजारांहून अधिक मुलांची तशीच चाचणी झाली. मग त्या वह्या पडून राहिल्या. १९९७ च्या सुमारास इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॅली या संशोधकांना त्या एडिंबरातल्या एका तळघरात सापडल्या. त्यांनी त्या यादीतली हयात माणसं शोधून काढली आणि सत्तरी-ऐंशीतल्या त्या म्हाताऱ्यांना अकराव्या वर्षी सोडवली होती तीच चाचणी पुन्हा दिली. एका माणसाची बुद्धी साठ-सत्तर वर्षांत किती बदलली, हे प्रत्यक्ष मोजता आलं.

त्यातून निघालेला एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. सत्तरीत माफक दारू पिणारी माणसं चाचणीत बरी उतरत होती. दारू बुद्धीला पोषक आहे, असा मथळा कोणीही दिला असता. पण अकराव्या वर्षीचे गुण हिशेबात धरल्यावर तो फायदा बहुतेक विरून गेला. ती माणसं लहानपणीच हुशार होती. पुढे शिकली, कमावती झाली आणि बेतानं प्यायला लागली. बालपणीची वही नसती, तर खोटा निष्कर्ष खरा म्हणून चालला असता. उलट धूम्रपानाच्या बाबतीत लहानपणीचे गुण धरूनही ऐंशीव्या वर्षी ओढणाऱ्यांची थोडी पीछेहाट दिसली. १९३६ मध्ये जन्मलेल्या मंडळींच्या मेंदूची चित्रं काढली तेव्हा ओढणाऱ्यांचं मेंदूचं बाह्यावरण पातळ आढळलं. सोडून जितकी जास्त वर्षं झाली, तितकं ते भरून आलेलं दिसलं. पूर्ण भरून यायला २५ वर्षंही लागू शकतील, असा २०१५ सालचा अंदाज आहे. सोळाव्या वर्षी सोडणाऱ्या मुलाकडे ही २५ वर्षं आहेत. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही फायदा आहेच. शिबिरात मी तसं सांगते.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. किशोरवयात गांजा सुरू करून वर्षानुवर्षं त्यात अडकलेल्यांचा बुद्ध्यंक तेरा ते अडतीस या वयात ८ गुणांपर्यंत घसरला, असं २०१२ साली प्रसिद्ध झालं. पुढे ओढणं कमी केलं किंवा सोडलं, तरी किशोरवयात सुरू केलेल्यांचं नुकसान पूर्ण भरलं नाही. वयात आल्यावर सुरू केलेल्यांत अशी घसरण दिसली नाही. पण २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जुळ्यांच्या अभ्यासानं वेगळं दाखवलं: एक जुळा गांजा ओढणारा आणि दुसरा न ओढणारा असेल, तर त्या दोघांच्या बुद्ध्यंकाच्या घसरणीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे घरची परिस्थिती आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असणार. डेन्मार्कमध्ये तर सैन्यभरतीच्या वेळी विशीत तपासलेल्या ५,१६२ पुरुषांना चाळीसहून अधिक वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा कधीकाळी गांजा ओढलेल्यांची घसरण किंचित कमीच निघाली, आणि सुरुवात कितव्या वर्षी झाली याचाही फरक आढळला नाही. ते २०२४ साली छापून आलं.

हे मुद्दाम लिहिते आहे. मुलांसमोर व्यसनमुक्तीची भाषणं करताना आपण सगळं पक्कं ठरल्यासारखं बोलतो. ‘एक पुडी खाल्लीस तर डोकं जाईल’ असं आठवीच्या मुलाला सांगितलं, की तो समोरच्या दुकानात पुड्या विकणाऱ्या, हिशेबात पक्क्या असलेल्या काकांकडे बघतो आणि आपलं बाकीचं खरं बोलणंही खोट्यात काढतो. अभ्यास एकमेकांना छेद देतात, हे त्याला सांगितलं तरी चालतं. मुलांना ते कळतं. मी वर्गात सांगितलं आहे, आणि त्यानंतरचे प्रश्न नेहमीपेक्षा चांगले आले.

दारूच्या बाबतीत पुरावा अधिक जड आहे. स्वीडनमध्ये १९६९ ते १९७९ या काळात सैन्यात दाखल झालेल्या ४ लाख ८८ हजार तरुणांचा पाठपुरावा झाला. भरतीच्या वेळी त्यांचं सरासरी वय अठरा होतं. त्यांतल्या ४८७ जणांना पासष्टीच्या आत स्मृतिभ्रंश झाला. रुग्णालयात दारूच्या अतिनशेची नोंद असलेल्यांत हा धोका जवळजवळ पाचपट होता, तपासलेल्या सगळ्या कारणांत सर्वांत जास्त. ती नोंद प्रत्येकाच्या बाबतीत किशोरवयातलीच होती असं नाही, पण धोक्याची बहुतेक कारणं त्या वयापर्यंत मागे नेता येतात, असं संशोधकांनी लिहिलं आहे. फ्रान्समधल्या रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात पासष्टीच्या आत स्मृतिभ्रंश झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या कागदांवर दारूचा आजार लिहिलेला होता.

आता आपल्याकडे येते. वरच्या कुठल्याही अभ्यासात मिश्री नाही, खर्रा नाही, मावा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे निघाले, आणि त्यांतले बहुतेक चघळणारे, लावणारे. धूर काढणारे थोडे. जगातलं बहुतेक संशोधन सिगारेटवर झालं आहे. आमच्या चघळायच्या तंबाखूत चुना असतो. चुन्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या अस्तरातून भराभर रक्तात उतरतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे खर्रा पन्नीत घालून घोटून देतात. सुपारी, तंबाखू, चुना सगळं एकजीव होतं. हे मिश्रण चौदाव्या वर्षापासून पन्नास वर्षं घेतलं, तर स्मरणशक्तीचं काय होतं? या प्रश्नाचं उत्तर स्कॉटलंडमधून किंवा डेन्मार्कमधून येणार नाही. ते आपल्याच मातीत शोधावं लागेल.

वयाचा प्रश्न का महत्त्वाचा, हे शाळेतल्या शास्त्राच्या भाषेत सांगते. मेंदूच्या पेशी एकमेकींशी ज्या रसायनांनी बोलतात, त्यांतलं एक ॲसिटिलकोलीन. शिकणं, लक्ष देणं, आठवणं यांत त्याचं मोठं काम आहे. अल्झायमरच्या रुग्णाला डोनेपेझिलची जी गोळी देतात, ती हेच रसायन मेंदूत जास्त वेळ टिकावं म्हणून. निकोटिन नेमकं याच रसायनाच्या जागी जाऊन बसतं. कपाळामागचा, विचार करून थांबायला लावणारा मेंदूचा भाग तर विशी ओलांडून जाईपर्यंत घडत असतो. नको असलेल्या जोडण्या छाटल्या जातात, लागणाऱ्या पक्क्या होतात. ही घडण चालू असताना बाहेरचं रसायन रोज त्या जागेवर बसत असेल, तर त्याचा परिणाम चाळिशीत सुरू केलेल्या माणसापेक्षा वेगळा असणार, ही शंका रास्त आहे. त्या शंकेची तपासणी आपण सुरूसुद्धा केलेली नाही.

आणि आपली मुलं लवकर सुरू करतात. २०१९ च्या राष्ट्रीय युवा तंबाखू पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू घेणारे होते. धूर नसलेली तंबाखू कधी ना कधी तोंडात टाकलेल्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस यायच्या आत टाकली होती. दहाव्या वर्षाच्या आत म्हणजे चौथी-पाचवी. हे आकडे देशाचे आहेत, पण आमच्या गावात मला ते परके वाटत नाहीत. घरातली मोठी माणसं “जा रे, समोरून एक पुडी आण” म्हणून ज्याला पिटाळतात, तो मुलगा त्याच वयाचा असतो. सुट्टे पैसे उरले की त्याचे होतात. पुडी तोंडात जायच्या कितीतरी आधी त्याच्या हाताला सवयीची झालेली असते.

व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगणाऱ्या मुलांचं वेगळं लिहायला हवं. २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत हुंगायची द्रव्यं हा असा एकमेव प्रकार होता, ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त निघालं: १.१७ टक्के मुलं, ०.५८ टक्के प्रौढ. त्यांतल्या टोल्युइनमुळे मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याला, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तंतूंना आणि त्यांच्या आवरणाला इजा होते, हे वैद्यकाला पक्कं ठाऊक आहे. रेल्वे फलाटांवरची ही मुलं कुठल्याही शाळेच्या पटावर नसतात, त्यामुळे शाळांतून होणाऱ्या पाहण्यांत ती सापडत नाहीत. त्यांच्यातली किती जण म्हातारी होतात, हा प्रश्न विचारतानाही मन दचकतं.

शिबिरात आम्हाला जे दिसतात, ते तर वाचलेले असतात. बाराव्या वर्षी तंबाखू धरून पन्नाशीत तोंडाच्या कर्करोगानं गेलेला माणूस सत्तरीच्या शिबिरात येत नाही. म्हणून केवळ म्हाताऱ्यांना विचारून भागणार नाही. सुरुवात पोरवयातच करावी लागेल. पाटीवर खडू ओढणाऱ्या मुलापासून त्याच्या सत्तरीपर्यंत कोणीतरी नोंद ठेवत राहायला हवं.

असं काम इथे होऊ शकत नाही, असं कोणी म्हणू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची आणि पुढे त्यांच्या मुलांची नोंद ठेवली. आईच्या रक्तातलं बी-१२ आणि मुलाची नवव्या वर्षीची आकलनशक्ती यांचा संबंध याच मुलांवरून तपासला गेला. ती मुलं आज तिशीत आहेत. मुंबईत १९९० च्या दशकात सुमारे दीड लाख प्रौढांची तंबाखूची नोंद घरोघरी जाऊन घेतली गेली आणि त्यावरून तंबाखू व मृत्यू यांचा संबंध सिद्ध झाला. ४५ वर्षांवरच्या हजारो भारतीयांची ‘लासी’ ही पाहणी करणारी संस्था आपल्या देवनारला आहे. त्या पाहणीतूनच पुढे झालेल्या अभ्यासात देशातल्या साठीच्या वरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. माणसं आहेत, अनुभव आहे. दोन टोकं जोडणारा दोर नाही.

म्हणून मागते ते असं. सीबॅक फॉर्म केंद्राचा आहे, पण राज्यात भरताना त्याला एक पुरवणी पट्टी जोडता येईल: तंबाखू कितव्या वर्षी, दारू कितव्या वर्षी, सुटली असेल तर केव्हा, आणि शाळा कितवीपर्यंत. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मी जवळून पाहते. या चार प्रश्नांचं मानधन वेगळं आणि वेळेवर मिळावं. जन्मसाल सांगता न येणाऱ्या बायकांना वय विचारू नये. ‘लग्नाआधी की नंतर’, ‘पहिलं मूल झालं तेव्हा लावत होता का’ असं विचारलं, की उत्तर मिळतं. आमच्या आजींनी दिलं तसं.

दुसरं, शालेय शिक्षण विभागाला बरोबर घेऊन सातवी-आठवीतल्या मुलांचा एक कायमचा अभ्यासगट उभा करावा. गडचिरोली, सातारा, मराठवाड्यातला एखादा जिल्हा, मुंबईच्या महापालिका शाळा, आणि शाळेबाहेरची मुलंही. लक्ष, स्मरण, वाचन यांची साधी चाचणी, व्यसनाचे प्रश्न, घरची परिस्थिती, वजन-उंची, रक्त. पाच-पाच वर्षांनी पुन्हा. हा अभ्यास एखाद्या मंत्र्याच्या कारकिर्दीत संपणारा नाही, म्हणून तो विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेच्या स्वाधीन करून त्याचा निधी वेगळा बांधून ठेवावा.

यात एक गोष्ट सर्वांत आधी कायद्यानं पक्की करावी लागेल. मुलानं विश्वासानं सांगितलेलं मुख्याध्यापकांकडे, पालकांकडे किंवा पोलिसांकडे जाता कामा नये. शाळेत व्यसन कबूल केलेल्या मुलाला दाखला हातात देऊन घरी पाठवल्याचं मी पाहिलं आहे. तो पुढे कुठल्या टपरीवर उभा राहिला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. शाळा सुटणं हे स्वतःच मेंदूला धोक्याचं आहे, हे वरच्या १४ कारणांच्या यादीतच आहे. व्यसनासाठी कोणत्याही मुलाला शाळेतून काढू नये, असा स्पष्ट आदेश निघावा आणि त्याला किशोरवयीनांसाठी असलेल्या जवळच्या मैत्री क्लिनिकशी जोडून द्यावं. ही क्लिनिकं आपल्याच खात्याची आहेत. ती शाळेच्या वेळात उघडी आणि शाळा सुटल्यावर बंद असतील, तर मुलानं जायचं केव्हा?

तिसरी मागणी नवी नाही: आहेत ते कायदे पाळले जावेत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, अठराच्या आतल्याला तर कुठेच विकायची नाही, हा कायदा २००३ चा. गुटखाबंदी २०१२ ची. मुलाच्या हातात तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. आमच्या शाळेसमोर हद्द दाखवणारी पिवळी रेघ मारली होती. पहिल्या पावसात ती पुसट झाली आणि टपरी होती तिथेच आहे. त्या टपरीवाल्यालाही पोट आहे. त्याला दुसरा माल ठेवायला बिनव्याजी भांडवल मिळालं, तर तो पुडीच्या माळा उतरवेल, असं त्यानंच मला सांगितलं. ही सूचना त्याची म्हणूनच आपल्यापर्यंत पोचवते.

पुरवणी पट्टीचं काम आपल्या खात्याच्या परिपत्रकानं होण्यासारखं आहे. सुरुवात एका तालुक्यात करायची असेल, तर आमचा संघ तयार आहे. समासात लिहून ठेवलेल्या नोंदी आमच्याकडे वह्यांमध्ये आहेत. नावं झाकून त्या आपल्या अधिकाऱ्यांना दाखवू. आपण वेळ द्यावी, आम्ही वह्या घेऊन मुंबईला येऊ.

आपली,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका
सातारा जिल्हा